मटक्यावर लॉटरीचा उतारा चालत नाही

सरकारी लॉटरी सुरू करताना जगभर एकच युक्तिवाद केला जातो. माणसं जुगार खेळणारच, तो कायद्याने थांबत नाही. मग तो पैसा चोरट्या धंद्यात जाण्यापेक्षा सरकारी तिजोरीत यावा आणि त्यातून शाळा-दवाखाने उभे राहावेत. महाराष्ट्राने १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली, तेव्हाही सामान्य माणसाला मटक्यापासून दूर ठेवणं हाच हेतू सांगितला गेला. हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समाजात जुगाराचा पैसा ठरावीकच असतो आणि लॉटरी आली की तो इकडून तिकडे वळतो. जिथे जिथे नीट मोजणी झाली, तिथे हे गृहीतक टिकलं नाही. लॉटरी जुन्या जुगाऱ्याला फारशी हलवत नाही. जो कधीच खेळत नव्हता त्याला ती खेळायला लावते, आणि अशा माणसांची संख्या वाढली की त्यांच्यातून हाताबाहेर जाणाऱ्यांचीही वाढते.

आधी मटक्याचंच गणित बघू. मुंबईत हा खेळ कापसाच्या भावावरून सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर येत आणि त्यांवर आकडे लावले जात. १९६१ मध्ये हे भाव येणं थांबलं. मग मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले आणि गिरणगावच्या चाळींपासून तालुक्याच्या टपऱ्यांपर्यंत ते पोहोचले. पद्धत सोपी आहे. ० ते ९ मधले तीन आकडे निघतात, त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन. ३, ६, ८ निघाले तर बेरीज १७, म्हणून ओपन ७. काही तासांनी दुसरे तीन आकडे निघतात, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. रूढ भाव असा की एका आकड्यावर लागलेल्या रुपयाला नऊ आणि जोडीच्या रुपयाला नव्वद. एकेरी आकडा दहात एकदा लागतो आणि जोडी शंभरात एकदा. म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी नव्वद रुपये खेळणाऱ्यांकडे परत येतात आणि धंदेवाल्याकडे दहा राहतात.

सरकारी लॉटरी यापुढे काय ठेवते? ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीची मूळ वाटणी बघा: तिकिटाच्या प्रत्येक पौंडातला निम्मा बक्षिसांना, सुमारे २८ टक्के सत्कार्यांच्या निधीला, १२ टक्के सरकारी कर, ५ टक्के विक्रेत्याला आणि उरलेलं चालवणाऱ्या कंपनीला. मटक्यात शंभरातले नव्वद परत, इथे पन्नास. आपल्याकडे त्यावर १० हजारांपुढच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापला जातो. शिवाय खाईवाल, म्हणजे मटका घेणारा धंदेवाला, चार-आठ दिवस उधार ठेवतो, कितीही थोडे पैसे घेतो आणि त्याच दिवशी निकाल देतो. ज्याला मटक्याचा नाद आहे, त्याला हे सगळं सोडून आठवड्याच्या सोडतीच्या तिकिटाकडे वळायला एकही कारण नाही. लॉटरीमुळे मटक्याचं कंबरडं मोडलं असं म्हणायला आधार सापडत नाही. १९६९ नंतरची दहा-बारा वर्षं हाच तर मटक्याच्या भरभराटीचा काळ. त्याची रया गेली ती १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटलं आणि पुढे पोलिसांचा दबाव वाढला तेव्हा.

अमेरिकेतही हेच झालं. तिथे शहरांच्या गरीब वस्त्यांत तीन आकड्यांचा बेकायदा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. न्यू हॅम्पशायरने १९६४ मध्ये सरकारी सोडत सुरू केली, न्यूयॉर्कने १९६७ मध्ये आणि न्यू जर्सीने १९७०-७१ मध्ये. साप्ताहिक तिकिटाने आकडेवाल्यांचा धंदा हलत नाही हे दिसल्यावर न्यू जर्सीने १९७५ मध्ये थेट त्यांचाच खेळ उचलला: रोजचे तीन आकडे, आणि ते निवडायचे गिऱ्हाइकाने. बेकायदा आकडेवाले तरीही संपले नाहीत. उलट अनेकांनी सरकारच्या सोडतीचाच आकडा आपला म्हणून वापरायला घेतला. त्यांची जुनी अडचण अशी होती की आकडा आपणच काढला तर लोकांना लबाडीचा संशय येतो. सरकारने रोज सर्वांसमोर, खात्रीचा, फुकट आकडा पुरवून ती अडचण सोडवली.

लॉटरीचा पैसा कुठून येतो याची सर्वांत थेट तपासणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ मेलिसा कर्नी यांनी केली आणि २००५ मध्ये मांडली. १९८२ ते १९९८ या काळात अमेरिकेतल्या २१ राज्यांनी लॉटरी सुरू केली. राज्यागणिक वर्ष वेगळं, त्यामुळे लॉटरी आलेल्या आणि न आलेल्या राज्यांतल्या घरखर्चाची तुलना करता आली. पैसा दुसऱ्या जुगारातून वळला असता तर घराचा बाकीचा खर्च जागच्या जागी राहायला हवा होता. तो राहिला नाही. लॉटरी आल्यावर घरांचा जुगाराव्यतिरिक्तचा खर्च महिन्याला सरासरी ४६ डॉलरने, म्हणजे सुमारे २.४ टक्क्यांनी, उतरला. कमी उत्पन्नाच्या घरांत घरच्या जेवणावरचा खर्च सुमारे ३ टक्क्यांनी आणि घरभाडं, घरकर्जाचे हप्ते, बिलं यांवरचा सुमारे ७ टक्क्यांनी घटला. म्हणजे सरकारच्या गल्ल्यात पडलेला पैसा जुगाराच्या अड्ड्यावरून आलेला नव्हता, किराण्याच्या आणि भाड्याच्या पैशांतून आला होता.

ब्रिटनचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे सगळं एका दिवसात बदललं. १९ नोव्हेंबर १९९४ ला पहिली सोडत निघाली. १ पौंडाचं तिकीट, ४९ मधून ६ आकडे, सगळे जुळण्याची शक्यता १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ मध्ये एक. तिकीट मिळायचं पेट्रोल पंपावर, पोस्टात, किराणा दुकानात. निकाल शनिवारी रात्री दूरचित्रवाणीवर. मार्च १९९५ मध्ये खरडून बघायची तिकिटं आली, फेब्रुवारी १९९७ पासून बुधवारचीही सोडत. सोळा वर्षांच्या मुलालाही तिकीट घेता येत असे. ती मर्यादा अठरावर यायला २०२१ उजाडावं लागलं.

तिथे सरकारी घरखर्च पाहणी दरवर्षी होते आणि तीत जुगारावरचा खर्चही विचारतात. ग्रुन आणि मॅकीग या दोन संशोधकांनी १९९३-९४ आणि १९९५-९६ ची पाहणी शेजारी शेजारी ठेवली. जुगारावर काहीतरी खर्च करणारी घरं सुमारे ४० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेली होती. घरटी आठवड्याचा सरासरी खर्च १.४५ पौंडांवरून ३.८१ पौंडांवर, म्हणजे अडीच पटींहून थोडा जास्त. इथवर कुणी म्हणेल, बरं मग? आठवड्याला दोन-अडीच पौंडांची गंमत. पण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसा जुगारात घालवणारी घरं ०.४ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर गेली, चौपटीहून जास्त. आणि आठवड्याला २०० पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्या घरांत हेच प्रमाण ०.७ वरून ३.२ टक्के झालं. सरासरी अडीच पट वाढली आणि शेवटचं टोक चार-साडेचार पट, गरिबांत सर्वांत जास्त.

टोक सरासरीपेक्षा जास्त का वाढतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण धोरणाची खरी चूक इथेच होते. आपल्याला वाटतं की समाजात दोन जातीची माणसं असतात: बहुतेक जण शहाणे, गमतीपुरतं खेळणारे, आणि मूठभर नादी. नादी लोकांवर उपचार करा, बाकीच्यांना मोकळं सोडा. दारूच्या बाबतीत फ्रेंच संशोधक सुली लेडरमान यांनी, आणि रक्तदाबापासून अनेक आजारांच्या बाबतीत ब्रिटिश डॉक्टर जेफ्री रोझ यांनी दाखवलं की समाज असा दोन कप्प्यांत विभागलेला नसतो. मध्यम पिणारे, जास्त पिणारे, अति पिणारे ही सगळी एकाच सलग उतरंडीवर असतात आणि उतरंड सरकली की सगळेच सरकतात. जुगाराचंही तसंच आहे. शेजारी खेळतो, कचेरीत सगळे मिळून तिकीट काढतात, वाण्याच्या गल्ल्यावर तिकिटांची माळ लटकते. आधी शून्यावर असलेला एकावर येतो, एकवाला तीनवर, आणि जो दहावर होता तो चाळीसवर. उतरंडीच्या शेवटाला माणसं विरळ असतात, म्हणून ती सगळी थोडी जरी सरकली तरी धोक्याची रेघ ओलांडणाऱ्यांची संख्या कित्येक पट होते. त्या रेषेपलीकडचा माणूस वेगळ्या मातीचा नसतो. लॉटरी येण्याआधी तो मधल्या गर्दीतलाच एक होता.

याला प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. आठवड्याची सोडत हा मंद खेळ आहे. पैज लावणं आणि निकाल कळणं यात दिवस जातात, त्यामुळे हरलेले पैसे लगेच भरून काढण्याची ओढ फार लागत नाही. ब्रिटनमध्ये पुढे झालेल्या पाहण्यांत जुगाराचं व्यसन जडलेल्या प्रौढांचं प्रमाण १९९९ आणि २००७ मध्ये साधारण ०.६ टक्के आणि २०१० मध्ये ०.९ टक्के आढळलं. म्हणजे नुसत्या साप्ताहिक सोडतीने देश व्यसनात बुडाला असं घडलं नाही, आणि जे अडचणीत आले त्यांत जुगाराच्या यंत्रांवर खेळणाऱ्यांचा मोठा वाटा होता. हे मान्य. पण त्या यंत्रांना दार उघडून देण्यात लॉटरीचा हात होता, आणि हा भाग आकडेवारीच्या तक्त्यात दिसत नाही.

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून जुगाराच्या कायद्याचं एक तत्त्व होतं: ज्याला खेळायचंच आहे त्याला कायदेशीर सोय असावी, पण कुणी ती मागणी चेतवू नये. म्हणून पैजेच्या दुकानांच्या काचा झाकलेल्या, आत आरामाची सोय नाही, जाहिरात नाही. १९९४ मध्ये सरकारनेच आपल्या लॉटरीची घरोघर जाहिरात सुरू केली, त्याच दिवशी हे तत्त्व मेलं. फुटबॉलच्या निकालांवर पैज घेणाऱ्या जुन्या कंपन्यांचा धंदा बसला, पैजेची दुकानं कुरकुरू लागली, आणि सगळ्यांची मागणी एकच होती: सरकार स्वतः जाहिरात करतं, मग आम्हालाच बंदी का? या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हतं. १९९६ मध्ये पैजेच्या दुकानांत यंत्रं ठेवायला परवानगी मिळाली. पुढे २००५ चा जुगार कायदा आला, २००७ पासून अमलात आला आणि दूरचित्रवाणीवर जुगाराच्या जाहिराती खुल्या झाल्या. दर वीस सेकंदांना १०० पौंड लावता येतील अशी यंत्रं भर बाजारपेठेत आली; त्यांची मर्यादा २ पौंडांवर यायला एप्रिल २०१९ लागला. लॉटरीचा खरा परिणाम मोजायचा तर तिकिटाच्या खर्चावर थांबता येत नाही. दुसऱ्याला 'नको' म्हणण्याचा सरकारचा अधिकार त्या तिकिटाबरोबर विकला जातो.

आपल्या देशात हा अधिकार अगदी शब्दशः, कायद्याने जातो. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यात बऱ्याच चांगल्या अटी आहेत. एकेरी आकड्यावर बक्षीस देता येत नाही, तिकिटं सरकारनेच छापायची, सोडत राज्यातच काढायची, एका लॉटरीची आठवड्याला एकच सोडत, वर्षाला सहाच बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या खास सोडती. १९९० च्या दशकात राज्याराज्यांच्या नावावर दिवसाला अनेक सोडती निघणाऱ्या एकेरी आकड्यांच्या लॉटऱ्यांनी जो धुमाकूळ घातला, त्यातून ही कलमं आली. याच कायद्याने दुसऱ्या राज्याच्या तिकिटांवर बंदी घालण्याचा अधिकार राज्याला दिला. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं की हा अधिकार वापरायचा असेल तर त्या राज्याने स्वतःची लॉटरी चालवता कामा नये. स्वतः विकायची आणि दुसऱ्याची अडवायची, हे चालणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की सरकारने चालवली तरी लॉटरी हा जुगारच राहतो.

म्हणजे महाराष्ट्र आपली लॉटरी चालवतो तोवर त्याला सिक्कीमची, नागालँडची किंवा आणखी कुणाची लॉटरी दारात अडवता येत नाही. राज्यं तक्रार करू शकतात, पण बंदी नाही. सिक्कीमच्या नावावरची ऑनलाइन लॉटरी २००१ पासून आली आणि शहरांच्या गल्लीबोळांत तिच्या खिडक्या उघडल्या. नागालँडच्या लॉटरीच्या रोज दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री ८ अशा तीन सोडती निघतात. 'आठवड्याला एक सोडत' ही अट मोडली जात नाही, कारण प्रत्येक वाराची, प्रत्येक वेळेची लॉटरी वेगळ्या नावाने नोंदलेली असते. केरळातही सातही वार सात नावांच्या साप्ताहिक लॉटऱ्या आहेत. २०१० च्या नियमांनी एका राज्याला दिवसाला जास्तीत जास्त २४ सोडतींची मर्यादा घातली. चोवीस ही मर्यादा म्हणून ठरली, यावरूनच मूळ खेळ किती वेगवान झाला होता ते कळतं. तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये स्वतःची लॉटरी बंद केली, आणि मगच इतरांच्या तिकिटांना त्यांना दार लावता आलं.

केरळचा दाखला महाराष्ट्रात अधूनमधून दिला जातो: बघा, एवढंसं राज्य लॉटरीतून किती कमावतं. केरळने १९६७ मध्ये सुरुवात केली, देशातली ती पहिली सरकारी लॉटरी. तिथे हजारो विक्रेते, त्यांत अनेक अपंग आणि वृद्ध, या तिकिटांवर पोट भरतात आणि कारुण्य योजनेतून गरिबांच्या उपचारांना पैसा गेला आहे. हे खरं आहे आणि त्याची किंमत कमी लेखू नये. पण वर्तमानपत्रांत जे हजारो कोटी छापून येतात ती एकूण विक्री असते. त्यातून बक्षिसं, एजंटांचं कमिशन, छपाई वजा केल्यावर उरतो तो नफा, आणि तो विक्रीचा छोटा हिस्सा असतो. वस्तू व सेवा कराचंही गणित पाहा: मार्च २०२० पासून २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, आणि हा कर तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. शंभराच्या तिकिटात १०० भागिले १४०, म्हणजे सुमारे ७१ रुपये ४३ पैसे मूळ किंमत आणि २८ रुपये ५७ पैसे कर. कर एवढा वाढला की एक तर बक्षिसं कापावी लागतात, नाही तर कमिशन आणि नफा. तिकीट जास्त खपवण्याचा दबाव मग विक्रेत्याच्या डोक्यावर येतो.

आणि उतारा म्हणून केरळची लॉटरी कशी ठरली? तिथे 'एळुत्तु लॉटरी' नावाचा बेकायदा धंदा आहे. एळुत्तु म्हणजे लिहिणं. दुकानदार गिऱ्हाइकाकडून तीन आकडे लिहून घेतो, आणि त्या दिवशीच्या सरकारी सोडतीतल्या पहिल्या बक्षिसाचे शेवटचे तीन आकडे जुळले तर पैसे देतो. तिथले पोलीस या धंद्यात सतत धरपकड करत असतात. तमिळनाडूत लॉटरीवर बंदी असतानाही केरळच्या निकालावर असाच तीन आकड्यांचा खेळ चालतो. न्यू जर्सीत झालं तेच. मटक्याला १९६१ मध्ये न्यूयॉर्कचा भाव बंद झाल्यावर विश्वासाचा आकडा शोधावा लागला होता. सरकारी लॉटरी रोज दुपारी तो आयता पुरवते. अधिकृत तिकिटांतही शेवटचे चार आकडे सारखे असलेल्या तिकिटांचे गठ्ठे, ज्याला तिथे 'सेट' म्हणतात, विकले जातात, कारण खालची बक्षिसं शेवटच्या चार आकड्यांवर लागतात आणि एकाच आकड्यावर बारा-बारा तिकिटं घेतली की लॉटरी हळूच आकडा लावण्यासारखी होते.

माझं मत स्पष्ट आहे. महाराष्ट्राने आपली लॉटरी वाढवू नये, बंद करावी, आणि त्याच दिवशी बाहेरच्या लॉटऱ्यांवरही बंदी घालावी. आपली चालू ठेवून ते करता येणार नाही. बंदीने बेकायदा खेळ शून्यावर येत नाही, तमिळनाडूने ते दाखवून दिलं आहे. पण चोरून लावायला खाईवाल शोधावा लागतो, भीती बाळगावी लागते, घरच्यांपासून लपवावं लागतं. एवढ्या अडथळ्यांनीच बहुसंख्य माणसं लांब राहतात, आणि उतरंड खाली राहते ती या लांब राहणाऱ्यांमुळे. सरकारी शिक्का, चौकातली टपरी आणि दिवाळीचा बंपर हे तिन्ही मिळून ते अडथळे एकदम काढून टाकतात.

बंद करायला सरकार तयार नसेल तर निदान इतकं करावं. सोडती महिन्याला मोजक्याच, ऑनलाइन विक्री नाही, मोबाइलवर तिकीट नाही. शेवटच्या तीन-चार आकड्यांवरची बक्षिसं काढून संपूर्ण क्रमांकावरच बक्षीस, म्हणजे सेट विकण्यात आणि आकडा लिहून घेण्यात अर्थ उरणार नाही. जाहिरातीत बक्षिसाच्या रकमेइतक्याच अक्षरांत ते लागण्याची शक्यता. उधारीवर किंवा अठरा वर्षांखालच्याला विकणाऱ्याचा परवाना रद्द. विक्रेत्यांच्या पोटाची सोय आधी: कमिशनवर जगणाऱ्या अपंग विक्रेत्यांना महापालिकांचे आणि एसटी स्थानकांवरचे स्टॉल देताना प्राधान्य. आणि कोणताही नवा निर्णय घेण्याआधी राज्याच्या सांख्यिकी संचालनालयाने घरखर्चाच्या पाहणीत दोन प्रश्न घालावेत: गेल्या सात दिवसांत लॉटरी, मटका, ऑनलाइन पैज यांवर घरातून किती पैसे गेले, आणि त्याच सात दिवसांत किराणा किती आला. ब्रिटनला आपल्या निर्णयाचा परिणाम कळला तो असा प्रश्न आधीपासून विचारला जात होता म्हणूनच.